भाचीचं माहेर

1998 साली राहू या माझ्या माहेरगावी माझ्या भावाच्या मुलीचं बारसं झालं. कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, म्हणजे माझा. नाव सांगून झाल्यावर मी तिच्या पायात चांदीचे वाळे घातले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ही माझी सून.” माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता आणि अंगणात उसाच्या कांड्यांशी खेळत होता. बायका हसल्या, भावजयीने मला पेढा भरवला, भावाने मान डोलावली. दौंड तालुक्यातल्या आमच्या गावात असा शब्द हसण्यावारी नेत नाहीत. तो पक्का धरतात.

2021 च्या भाऊबीजेला मी तो शब्द मागे घेतला.

या तेवीस वर्षांत माझं मन कसं बदललं ते लिहायचं आहे. तोवर मी नात्यातल्या लग्नाची नुसती बाजू घेत नव्हते, तिचा प्रचार करत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. मधल्या सुट्टीत हा विषय निघाला की माझा आवाज सगळ्यांच्या वर असे. माझ्या बोलण्यावर विसंबून निदान दोन घरांनी मामाच्या मुली केल्या, हे मला ठाऊक आहे.

माझं स्वतःचं लग्न 1982 मध्ये आत्याच्या मुलाशी झालं. राहूहून मी कोरेगाव भीमाला आले. त्या लग्नात माझ्या वडिलांची फार धावपळ झाली. नवऱ्यामुलाचा मामा म्हणून त्यांना अंतरपाटाच्या एका बाजूला त्याच्या मागे उभं राहायचं होतं आणि मुलीचा बाप म्हणून कन्यादानही करायचं होतं. हुंडा नव्हता, मानपानावरून रुसवा नव्हता. ज्या घरात लहानपणापासून सुट्टीत राहायला जायचे, त्याच घराचं माप ओलांडलं. सासूला “आत्या” म्हणायचे, तसंच म्हणत राहिले. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात, त्यामुळे सासरेही मामाच राहिले. लग्नानंतर मी डी.एड. केलं ते आत्याच्या हट्टामुळे. गावात तिला बोल लावणारे होते. “माझ्या भावाची पोर आहे, शिकंल,” एवढंच ती म्हणायची. हे सगळं खरं आहे आणि आजही त्यातला एक शब्द मी बदलणार नाही.

पुढे बाहेरून एम.ए. करताना इरावती कर्वे यांचा नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ हाती आला. तो 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माझंच घर मांडलेलं दिसलं. उत्तरेत मुलगी परक्या गावात, परक्या माणसांत जाते. दक्षिणेत ती ओळखीच्या माणसांत जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला पट्टा. आमच्याकडे मामाची मुलगी करतात, पण आत्याची मुलगी करायला कचरतात, हेही त्यात होतं. मुली एका दिशेने जाव्यात, उलट्या फिरू नयेत, हे आमच्या घरात न सांगता पाळलं जायचं. पुस्तकात वाचल्यावर त्याला नियम म्हणतात हे कळलं. बौधायनाच्या धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या पाच वेगळ्या चाली सांगितल्या आहेत. मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी लग्न त्यातच येतं. सुभद्रा ही अर्जुनाच्या मामाचीच मुलगी. सून सासूला “आत्याबाई” आणि सासऱ्याला “मामंजी” म्हणते, त्या शब्दांतच ही चाल मुरलेली आहे. जिचं लग्न पूर्ण परक्या घरात झालं तीही हेच शब्द वापरते. एवढा पुरावा हाताशी असताना मला कोण हरवणार!

या बळाला आमच्या सहा खोल्यांनी आणखी खतपाणी घातलं. पुणे-नगर रस्त्याच्या कडेला आमच्या रानात आम्ही सहा खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. सणसवाडी आणि रांजणगावच्या कारखान्यांत काम करणारी कुटुंबं तिथे येतात-जातात. एका वर्षी तिथे जौनपूरकडची एक, कलबुर्गीची एक आणि बीडकडची एक मुस्लिम सून अशा तिघी शेजारीशेजारी राहत होत्या. नळावर बोलता बोलता मी म्हणाले, माझे मालक म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. जौनपूरच्या बाईच्या हातातली बादली तशीच राहिली. “बुआ का बेटा? वो तो भाई हुआ ना?” तिच्या डोळ्यांतली किळस मला अजून आठवते. ती मुद्दाम दाखवत नव्हती, तिला ती लपवता येत नव्हती. कलबुर्गीच्या बाईला यात नवल वाटलं नाही, कारण तिचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालं होतं. आता थक्क व्हायची पाळी माझी. आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, बापाच्या जागी असलेला माणूस! बीडच्या सुनेचा नवरा तिच्या मावशीचा मुलगा होता. मावसभाऊ म्हणजे सख्खा भाऊ, असं मी आयुष्यभर मानत आले. तिच्या माहेरी मात्र चुलतभावाशीही लग्न चालतं, आणि चुलत्याच्या घरात मुलगी गेली म्हणजे घरातच राहिली, असं तिची आई समाधानाने म्हणायची.

एका नळावर चार बायका, आणि प्रत्येकीला दुसरीच्या लग्नात काहीतरी न पटणारं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ आणि बहीण यांची मुलं, दोन भावांची मुलं, दोन बहिणींची मुलं ही सगळी एकाच निषिद्ध यादीत आहेत. फक्त रूढीने परवानगी असेल तर सूट आहे. म्हणजे माझ्या लग्नाला कायद्याने मान्यता दिली ती निव्वळ रूढीच्या आधारावर. मी यातून अर्थ काढला तो असा: ज्याची त्याची रीत ज्याला त्याला बरोबर, तेव्हा आमची आम्हाला बरोबर. हा अर्थ मला पुढची पंधरा वर्षं पुरला. रीत पाळणाऱ्या घरातल्या मुलीला काय वाटतं, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता आणि त्याची उणीव मला भासली नाही.

आता जे आजवर सांगितलं नाही ते सांगते.

माझी मोठी मुलगी 1986 ची. अडीच वर्षांची झाली तरी ती बोलेना. पुण्याला दाखवलं तेव्हा तिला ऐकू येत नसल्याचं कळलं. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, “नात्यात लग्न आहे का?” मी “नाही” म्हणाले. आत्या शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही. घरी येताना एसटीत आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसलो होतो. हो म्हटलं असतं तर दोष आत्यावर आला असता, माझ्या वडिलांवर आला असता, असं मला त्या क्षणी वाटलं. त्यानंतर मी लोकांना सांगत राहिले की तिला लहानपणी गोवर झाला होता, त्यात कान गेले. गोवर तिला झाला होता हे खरं. पण मला जे सांगायचं नव्हतं ते झाकायला मी तो वापरला. आणि असं असताना मी शाळेत बसून बायकांना सांगत होते की रक्ताच्या नात्याने काही होत नाही.

पुरावा म्हणून मी डार्विनचं नाव घ्यायचे. त्यांची बायको एमा ही त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. लग्न 1839 चं. त्यांना दहा मुलं झाली, त्यांतले काही मुलगे नामवंत झाले, हे मी सांगायचे. दहांपैकी तीन लहानपणीच गेली, त्यातल्या दहा वर्षांच्या अ‍ॅनीचं दुःख बापाने जन्मभर वागवलं, आणि 1871 च्या जनगणनेत नात्यातल्या लग्नांविषयी प्रश्न घालावा म्हणून त्यांनी खटपट केली, हे मी सांगत नसे. तो प्रश्न ब्रिटिश संसदेने नाकारला. पुढे त्यांचा मुलगा जॉर्ज याने अभ्यास करून हानी थोडीच असते असा निष्कर्ष काढला. तेवढाच भाग मी उचलला होता.

2019 मध्ये मुलीला दिवस गेले. जावईही ऐकू न येणारे. डॉक्टरांनी त्यांना आनुवंशिक सल्ल्यासाठी पाठवलं आणि मी सोबत गेले. समोरच्या बाईंनी कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ. माझ्या आणि मालकांच्या चिन्हापाशी येऊन त्यांनी तोच प्रश्न विचारला. मुलगी ओठांवरून शब्द ओळखते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी “हो” म्हणाले. एकतीस वर्षांनी. बाईंनी आमच्या दोघांमध्ये एका रेघेखाली दुसरी रेघ ओढली. नात्यातलं लग्न असं दुहेरी रेघेने दाखवतात.

त्यांनी जे समजावलं ते घाबरवणारं नव्हतं. साधारण शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मजात दोष असतो. आते-मामे भावंडांच्या लग्नात तो चार ते सहा जणांना असू शकतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरातल्या अकरा हजारांहून जास्त बाळांचा अभ्यास 2013 मध्ये छापून आला, त्यातही धोका सुमारे तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर जाताना दिसला. म्हणजे नात्यातल्या लग्नांतलीही बहुतेक बाळं धडधाकटच असतात. पण आमच्या घरात दोष कुठला ते आता माहीत होतं. तपासणीत निघालं की मुलीला दोन्हीकडून, माझ्याकडून आणि मालकांकडून, एकच सदोष जनुक आलं होतं. जावयांचं कारण वेगळं निघालं. माझी नात जन्मली ती ऐकणारी. आईने टाळी वाजवली की ती वळून बघते.

मग मी मुलाचा आणि भाचीचा प्रश्न विचारला. बाईंनी भाचीचा गोल काढला आणि दोघांना जोडणाऱ्या दोन वाटा दाखवल्या. एक माझ्या-भावाच्या नात्याची, दुसरी आत्या-वडिलांच्या. माझ्या मुलाकडे ते जनुक असण्याची शक्यता तीनात दोन, भाचीकडे सुमारे चारात एक. दोघांचं लग्न झालं तर दर बाळाला ऐकू न येण्याचा धोका चोवीसात एक. पण, त्या म्हणाल्या, भाचीच्या रक्ताची एक तपासणी करा. तिच्यात ते नसेल तर या एका दोषाची काळजी मिटली.

मला हायसं वाटलं, हेही कबूल करते. चोवीसात एक हा आकडा ऐकूनही माझं मत बदललं नव्हतं. शब्द वाचवायची वाट मिळाली म्हणून मी खूश झाले.

भाची तोवर बी.फार्म. होऊन शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात नोकरीला लागली होती. 2021 च्या गणपतीत ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा मी तिला तपासणीचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. “आत्या, रक्त देते मी. त्याचं काही नाही,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “पण पप्पांशी बिनसलं की मी आजवर तुझ्याकडे आले. तुझ्या घरात बिनसलं तर कुणाकडे जाऊ?”

मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आपल्यात कधी घरातलं बाहेर जात नाही, घरातलं घरातच मिटतं, मी आणि तुझी आजीआत्या बघ. आणि बोलता बोलता मला 1987 चा एक दिवस आठवला. तो मी विसरले नव्हते. उलट घरातलं घरात कसं मिटतं याचा दाखला म्हणून किती जणींना तो सांगितला होता.

मालकांनी माझ्यावर हात उचलला होता. एकदाच. ते आता नाहीत आणि त्यांच्याशी माझं पुढचं आयुष्य चांगलं गेलं, म्हणून जेवढं झालं तेवढंच लिहिते. दुसऱ्या दिवशी मी तान्ह्या मुलीला घेऊन राहूला निघाले. आत्या रस्त्यापर्यंत आली. तिने मला अडवलं नाही. माझ्या पदराला धरून म्हणाली, “बयो, जा. पण दादाला हे सांगू नको. माझं माहेर जाईल.”

दोन एसट्या बदलून मी राहूला पोचले. गुऱ्हाळ चालू होतं. वडील काहिलीपाशी होते. हात पुसत आले, नातीला घेतलं आणि विचारलं, “आत्या बरी आहे ना?” मी म्हणाले, “बरी आहे.” चहा प्याले, आईने गुळाची ढेप बांधून दिली, आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. मी काही बोलले नाही म्हणून माझ्या मालकांना कुणी जाब विचारला नाही.

हे मी भाचीपुढे बसून आठवत होते आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की त्या दिवशी काहीच मिटलं नव्हतं. एका घरात दोन बायका होत्या आणि दोघींना मिळून माहेर एकच. मी तोंड उघडलं असतं तर तिचं गेलं असतं. तिने माझ्यावर माया केली, मला शिकवलं, आणि त्याच बाईवर मला गप्प करायची वेळ आली. आत्याला मी दोष देत नाही. पण उद्या माझ्या सुनेच्या पदराला धरायची वेळ माझ्यावर आली असती, आणि मीही तेच म्हणाले असते.

ओळखीच्या घरात मुलगी सुखी राहते, असं मी म्हणत आले. ओळखीच्या घरात मुलीला सोबत असते, हे खरं. पण सासरचं दुःख सांगायला सासरच्या बाहेरचं कुणीतरी लागतं, आणि नात्यातल्या लग्नात नेमकं तेच उरत नाही. परक्या घरात दिलेल्या मुलीचा बाप निदान व्याह्याच्या दारात जाऊन बोलू शकतो. माझ्या बापाला बहिणीच्या दारात जाऊन ते बोलता आलं नसतं.

सोयरीक आपल्यातच ठेवण्याचा अर्थ मला आधीच वाचायला मिळाला होता. दर 1 जानेवारीला आमच्या कोरेगाव भीमावरून लाखो माणसं विजयस्तंभाकडे जातात. 1927 मध्ये त्याच तारखेला बाबासाहेब आंबेडकर तिथे आले होते. त्यांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातींवरचा निबंध मी निवृत्तीनंतर वाचला. जातीचं मर्म सोयरीक आपल्यातच ठेवण्यात आहे, हे त्यांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी मांडलं. वाचताना मला पटलं, पण ते मी जातीपुरतंच घेतलं. खरं तर आम्ही जातीचं दार लावलंच होतं, आणि त्याच्या आत आणखी एक दार लावून त्याला जिव्हाळा म्हणत होतो. आमच्या गावात वेगवेगळ्या जातींची घरं एकमेकांत सोयरीक करत नाहीत, पण मामाच्या मुलीवरचा हक्क मात्र जवळजवळ सगळ्यांनाच ठाऊक आहे.

“हक्क” हा शब्द इथे जपून वापरला, कारण त्यात जमीनही आहे. 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच वाटा मिळाला. वडील 2008 मध्ये गेले. पुढच्या वर्षी मी दौंडला दुय्यम निबंधकाकडे जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. भावाने जबरदस्ती केली नाही. सही करताना मीच हसून म्हणाले होते, “त्या घरची लेक माझ्या घरात येणारच आहे, वाटणी कशाला?” त्या बारशाच्या शब्दात हेही गुंतलं होतं. प्रेम होतं, खूप होतं. पण एका पोरीच्या नावावर दोन घरांचा हिशेबही मांडलेला होता आणि ती पाळण्यात होती.

मुलालाही मी कधी विचारलं नव्हतं. त्या गणपतीत विचारलं. तो म्हणाला, “मला ती बहिणीसारखीच आहे. पण तू शब्द दिला होतास.” सत्तावीस वर्षांचा मुलगा आईच्या शब्दासाठी गप्प बसला होता.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी भावाला सांगितलं. तो बराच वेळ ताटातल्या निरांजनाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “दोन चांगली स्थळं मी तुझ्या शब्दावर परत पाठवली.” त्याचं बरोबर होतं. मी माफी मागितली. जमिनीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. रक्ताची ती तपासणी झालीच नाही. 2022 च्या भाऊबीजेला तो आला नाही, म्हणून मी राहूला गेले. तेव्हापासून मीच जाते.

ज्यांनी पाळण्यातल्या पोरीसाठी असा शब्द दिला असेल त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा. आणि त्या पोरीला, ती मोठी झाल्यावर, एकटीला बसवून विचारा. आईसमोर नको, आत्यासमोर तर नकोच.

भाचीचं लग्न 2023 च्या मे महिन्यात झालं, नात्याबाहेर, नारायणगावकडच्या मुलाशी. पत्रिका आली, फोन आला नाही. मी गेले. गेल्या पावसाळ्यात ती चार दिवस माझ्याकडे येऊन राहिली. काय बिनसलं होतं ते तिने मला सगळं सांगितलं. पाचव्या दिवशी मी तिच्यासोबत नारायणगावला गेले आणि तिच्या सासूशी बोलले.